खाडाखोड चालेल

तपासलेली वही हातात पडली की मूल काय करतं, ते एकदा मागच्या बाकावर बसून बघावं. पान उलटतं, खालचे गुण बघतं, शेजारच्याचे गुण बघतं आणि वही दप्तरात टाकतं. गुणांच्या वर पानभर लाल शाई असते. कुठं 'न' खोडून 'ण' केलेला असतो, कुठं ऱ्हस्वाचं दीर्घ केलेलं असतं, शेवटी 'शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे' असा शेरा असतो. त्यातलं काहीच वाचलं जात नाही. मुलांना बोल लावण्यात अर्थ नाही, कारण त्यांच्यासाठी त्यात करण्यासारखं काही उरलेलंच नसतं. चूक शोधली शिक्षकानं, दुरुस्त केली शिक्षकानं, निकालही लावला शिक्षकानं. ज्यानं लिहिलं, तो या सगळ्यात कुठंच नाही.

मी बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरातल्या एका गावात आठवी ते दहावीला मराठी शिकवते. वह्या तपासता तपासता एक गोष्ट मनात पक्की बसली आहे. लिहिणं वेगळं आणि लिहिलेलं परत वाचणं वेगळं. पहिलं आपण पहिलीपासून शिकवतो. दुसरं शिकवावं लागतं, हेच कुणाच्या ध्यानात येत नाही. 'परत एकदा वाचून बघ' असं म्हणतो, मूल वहीवरून नजर फिरवतं आणि 'वाचलं मॅडम' म्हणतं. ते खोटं बोलत नसतं. काय बघायचं ते त्याला कुणी सांगितलेलं नसतं, म्हणून त्याला काही दिसत नाही.

साधा हिशेब मांडू. वर्गात 60 मुलं आहेत. एका निबंधाला 5 मिनिटं धरली तर 300 मिनिटं, म्हणजे 5 तास. एका वर्गाच्या एका निबंधाला 5 तास, आणि असे वर्ग दोन-तीन. प्रत्येक मुलाच्या प्रत्येक ओळीचा वाचक शिक्षक होऊच शकत नाही. मग घरी कुणी आहे का? शहरातल्या मुलाची आई निबंध वाचून 'हे इथं बरोबर नाही' असं सांगू शकते. आमच्याकडे कित्येक घरांत लिहिणारं पहिलं माणूस हे मूलच असतं. त्याला इतिहासही आहे. 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता, प्राथमिक शाळेच्या पुढचं शिक्षण उर्दूतून होतं आणि तेही तालुक्याच्या, जिल्ह्याच्या गावी. खेड्यातल्या कुणब्याच्या, मजुराच्या घरी मराठीत पानभर लिहिण्याची वेळच आली नाही. ती वेळ नातवंडा-पतवंडांवर आली. त्यांचं लिहिलेलं वाचायला घरात कुणी नाही आणि शाळेत ज्या आहेत त्या मॅडमकडे वेळ नाही. म्हणून त्या मुलानं स्वतःच स्वतःचा वाचक व्हावं, याला मला दुसरा पर्याय दिसत नाही.

सुरुवात मी वहीपासून करते. मुलांकडे दोन वह्या असतात, रफ आणि फेअर. रफमध्ये गिचमिड करायची आणि तेच फेअरमध्ये वळणदार अक्षरात उतरवायचं. या उतरवण्यात एक शब्दही बदलत नाही, बदलतं ते फक्त अक्षर. म्हणून निबंधाच्या वहीत फक्त उजव्या पानावर लिहायचं आणि डावं पान दुरुस्तीसाठी कोरं सोडायचं, असं सांगते. खोडरबर आणि व्हाइटनर बंद. खोडायचं ते एकाच आडव्या रेघेनं, म्हणजे खालचा शब्द दिसत राहतो आणि आधी काय होतं, नंतर काय झालं, हे दोन्ही वाचता येतं. मुलांना हे सहजासहजी जमत नाही. पहिलीपासून 'खाडाखोड नको' हे इतकं ऐकलेलं असतं की चुकीचा शब्द खोडण्यापेक्षा तसाच ठेवणं त्यांना बरं वाटतं. पालकही विचारतात, पानं कोरी कशाला सोडायलात, वह्या काय फुकट येतात का? प्रश्न रास्त आहे. मी त्यांना डावं पान भरलेल्या मुलांच्या वह्या दाखवते. बहुतेक जण ऐकतात, काही ऐकत नाहीत. त्यांची मुलं पाठकोऱ्या कागदावर लिहितात.

आता एक पान जवळून बघू. नववीतल्या एका मुलानं पावसाळ्यावर लिहिलं होतं:

'पावसाळा हा माझा आवडता ऋतू आहे. आकाशात काळे ढग दाटून येतात. मोर पिसारा फुलवून नाचू लागतात. शेतकरी राजा सुखावतो. सगळीकडे हिरवेगार होते. मागच्या वर्षी आमच्या सोयाबीनच्या बनमीत पाणी गेले. पप्पा रात्री ताडपत्री घेऊन गेले. निसर्ग हा आपला मित्र आहे.'

बनीम म्हणजे काढलेल्या पिकाची रचलेली गंजी. शुद्धलेखनाची चूक जवळपास नाही. दहापैकी सहा-सात गुण कुणीही देईल. मी गुण दिले नाहीत. पेन्सिल घेऊन बस म्हणाले आणि एकच काम सांगितलं: जे वाक्य तुझ्या बाकावरच्या दुसऱ्या मुलाच्या वहीतही असू शकेल, त्याच्याखाली रेघ मार. त्यानं पहिल्या वाक्यापासून रेघा मारायला सुरुवात केली. बनमीच्या वाक्याशी थांबला, पुढच्या वाक्याशी थांबला आणि शेवटच्या वाक्याखाली पुन्हा रेघ मारली. दोन वाक्यं उरली. मग शेजारच्या दोघांना म्हणाले, या दोन वाक्यांबद्दल काय विचारावंसं वाटतं ते विचारा, बाकी काही बोलू नका. ही शेतकऱ्यांची लेकरं. त्यांचे प्रश्न माझ्यापेक्षा चांगले होते. ताडपत्री पुरली का? पप्पा एकटेच गेले का? सोयाबीनचं काय झालं मग?

दोन दिवसांनी डाव्या पानावर हे होतं: 'दसऱ्याच्या आधी आम्ही सोयाबीन काढून बनीम लावली होती. रात्री पाऊस आला. पप्पांनी ताडपत्री नेली ती एका बाजूने फाटलेली होती. मी बॅटरी धरली. आठ दिवसांनी बनीम उघडली तर आतल्या शेंगांना कोंब फुटले होते. आई म्हणाली आता हे कुणी घेत नसतंय.' आणि उजव्या पानावरचं 'शेतकरी राजा सुखावतो' त्यानं आडव्या रेघेनं खोडलं होतं. ते खोड असं मी सांगितलं नव्हतं. बनमीची गोष्ट लिहून झाल्यावर ते वाक्य त्याचं त्यालाच खपेना.

परतीच्या पावसानं सोयाबीनला कोंब फुटलेले मराठवाड्यातल्या कुठल्याही मुलानं पाहिलेले असतात, तरी निबंधात मोरच नाचतो. गाईडमध्ये मोर असतो, गाईडातल्या निबंधाला गुण मिळतात, आणि ज्याला गुण मिळतात ते चांगलं, अशी मुलांची साधी समजूत असते. चांगलं लेखन म्हणजे काय याची दुसरी कुठली कल्पना त्यांच्यासमोर आलेलीच नसते. ऑस्ट्रेलियातले शिक्षणतज्ज्ञ रॉइस सॅडलर यांनी 1989 मध्ये हेच फार नेमकेपणानं मांडलं. विद्यार्थ्याला सुधारायचं असेल तर तीन गोष्टी त्याच्याकडे हव्यात: चांगलं काम कसं असतं याची ओळख, आपलं काम त्याच्या शेजारी ठेवून पाहण्याची नजर आणि मधलं अंतर कमी करण्याचे मार्ग. तिन्ही शिक्षकाच्या डोक्यात असून भागत नाही, मुलाच्या डोक्यात उतरावी लागतात. खुरपायला बसलेल्या बाईला पीक कोणतं आणि तण कोणतं हे आधी ठाऊक असावं लागतं, नाहीतर ती पीकच उपटेल. आपण मुलांच्या हातात खुरपं देतो, पीक दाखवायचं राहून जातं.

ते दाखवण्यासाठी मी निकषांचा तक्ता देत नाही. आशय, मांडणी, भाषा, विचारांची सुसंगती अशी यादी शिक्षकांच्या पुस्तिकेत असते आणि तिथंच बरी आहे. मागच्या वर्षीच्या मुलांच्या लेखनातले दोन उतारे, नाव न सांगता, फळ्यावर लिहिते आणि विचारते, कोणता वाचताना डोळ्यांसमोर काहीतरी आलं? का आलं? कुठं अडखळलात? त्यातून वर्गाची आपली यादी तयार होते, मुलांच्याच शब्दांत. सध्याच्या आठवीची यादी अशी आहे: वाचताना दिसलं का. कुठं अडकलं का. कोणतं वाक्य काढलं तरी चालतंय. कुणाचं चोरलंय का. ही शेवटची ओळ मी घातलेली नाही, आणि ती काढायलाही मी तयार नाही.

अडकलं का, हे कळायला डोळ्यांपेक्षा कान उपयोगी पडतात. पण इथं एक गोम आहे. मूल स्वतःचं लिहिलेलं मोठ्यानं वाचतं तेव्हा कागदावर नसलेला शब्दही वाचून टाकतं, कारण तो त्याच्या मनात असतो. म्हणून पहिल्यांदा शेजारच्यानं वाचायचं आणि लिहिणाऱ्यानं ऐकायचं. एका मुलाचं सहलीचं वर्णन 'आणि मग, आणि मग' करत पाऊण पान एकाच वाक्यात चाललं होतं. वाचणाऱ्या मुलीला धाप लागली. ती थांबली, श्वास घेतला आणि म्हणाली, अरे मधी थांबू दे की जरा. त्यानं वही ओढून घेतली आणि तिथल्या तिथं चार पूर्णविराम दिले. विरामचिन्हांवरचा माझा एक अख्खा तास जे करू शकला नसता ते त्या एका श्वासानं केलं.

शुद्धलेखनाचं मात्र कान करत नाही, उलट आमच्या भागात तो फसवतो. इथं बोलताना 'पाणी'चं 'पानी' होतं, 'कोण'चं 'कोन' होतं. जे मूल घरात, गल्लीत, रानात 'पानी'च ऐकत वाढलं त्याला 'नीट ऐक आणि लिही' असं सांगून काय होणार? ते नीट ऐकतं, म्हणूनच तसं लिहितं. 'ण' त्याला डोळ्यानं लक्षात ठेवावा लागतो. हे एकदा मान्य केलं की रागवायचं कारणच उरत नाही. मी चूक दुरुस्त करत नाही, चुकीवर गोलही करत नाही. ज्या ओळीत चूक असेल त्या ओळीसमोर, समासात, एक ठिपका देते. दोन चुका असतील तर दोन ठिपके. बाकी मुलानं शोधायचं. ही पद्धत माझी नाही. रिचर्ड हॅसवेल या अमेरिकेतल्या प्राध्यापकांनी 1983 मध्ये ती मांडली. समासात नुसती खूण केली तर विद्यार्थी अशा चुकांपैकी निम्म्याहून जास्त स्वतःच शोधून दुरुस्त करतात, असं त्यांना आढळलं. ते विद्यार्थी कॉलेजातले होते आणि भाषा इंग्रजी होती. पण आमच्या आठवीतही ठिपका दिला की मूल ओळ अक्षर-अक्षर वाचायला लागतं, हे रोज दिसतं. याचा अर्थ असा की पुष्कळ चुका अज्ञानाच्या नसतात, न वाचण्याच्या असतात. आणि खरंच माहीत नसलेल्या ज्या थोड्या उरतात, त्यांच्यावर माझा वेळ खर्च होतो.

सापडलेली चूक वहीच्या शेवटच्या पानावर उतरवायची. प्रत्येकाचं शेवटचं पान वेगळं दिसतं. कुणाचं 'ण'नं भरलेलं, कुणाचं 'कि' आणि 'आणी'नं. एका मुलीच्या पानावर विहीरीत, जमीनीत, मूलाला, फूलांचा असे शब्द एकाखाली एक साचले, तेव्हा तिनंच विचारलं, मॅडम, 'विहीर' बरोबर हाय, मग 'विहीरीत' का चुकतंय? साहित्य महामंडळाच्या 1962 च्या लेखनविषयक नियमांतला उपान्त्य इकार-उकाराचा नियम तिला मी सांगितला नव्हता, तो तिच्या चुकांनीच तिच्यापुढं मांडला. शब्दाला प्रत्यय लागताना शेवटून दुसरं दीर्घ अक्षर ऱ्हस्व होतं: विहीर, विहिरीत, जमीन, जमिनीत. मग लगेच दुसरा प्रश्न आला, 'शरीरात' का नाही बदलत? तो संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द, त्याला हा नियम नाही. असा प्रश्न विचारणारं मूल नियम विसरत नाही.

चूक सापडल्याचा आनंद होऊ शकतो, हे मुलांना पटवायला मला संत एकनाथांची गोष्ट फार कामाला येते. आमच्या पंचक्रोशीतून नाथषष्ठीला पैठणला दिंड्या जातात, त्यामुळे नाथ मुलांना परके नाहीत, आणि दौलताबादचा किल्ला सहलीत पाहिलेला असतो. त्याच किल्ल्यावर, म्हणजे देवगिरीवर, आपले गुरू जनार्दनस्वामी यांच्याकडे असताना एकनाथांना हिशेबाचं काम होतं, अशी आख्यायिका आहे. एका रात्री एका पैचा मेळ लागेना. सगळे निजले, नाथ दिव्यापाशी वह्या घेऊन बसले. उत्तररात्री ती पै सापडली आणि आनंदानं त्यांनी टाळी वाजवली. स्वामी जागे झाले आणि म्हणाले, एका पैची चूक सापडली तर एवढा आनंद, मग संसाराची चूक सापडली तर केवढा होईल! कीर्तनकार पुढच्या उपदेशाकडे वळतात. मी वर्गात टाळीपाशीच थांबते. रात्रभर जागून आपली चूक शोधणारा आणि सापडल्यावर टाळी वाजवणारा माणूस आपल्याच भागात होऊन गेला, असं आपण मानतो. आमच्या वर्गात ठिपक्याची चूक सापडली की मुलं 'पै सापडली!' असं ओरडतात. शेजारच्या वर्गावरच्या सरांना त्याचा त्रास होतो, म्हणून हळू ओरडायचं ठरलं आहे.

याच नाथांनी पुढे, शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. नकला होता होता तिच्यात पाठभेद शिरले होते. ते त्यांनी निस्तरले आणि शेवटी बजावून ठेवलं की या ग्रंथात कुणी आपली ओवी घालू नये. स्वतः एवढा मोठा कवी, हातात लेखणी, समोर दुसऱ्याचा ग्रंथ, आणि तरी आपलं काही घालायचं नाही. मुलाची वही पुढ्यात आली की मला हे आठवतं. एखादं वाक्य थोडं बदललं तर किती सुंदर होईल, हे मला दिसत असतं आणि हात शिवशिवतो. पण मी घातलेलं सुंदर वाक्य मूल उतरवून घेतं, त्याचं होत नाही. गाईडातल्या मोराच्या जागी मॅडमचा मोर येतो, एवढंच. म्हणून वाक्य न लिहिता प्रश्न लिहिते, तोही एकच. 'ताडपत्री कशी होती?' एवढा प्रश्न पुरतो.

बोलीचा प्रश्न याहून अवघड आहे. 'आम्ही घरी जायलाव' हे निबंधात आलं तर काय करायचं? खोडून 'जात आहोत' लिहिणं सोपं आहे, पण त्यात मुलाला एवढंच कळतं की घरात बोलतो ते चूक. मी म्हणते, हे वाचणार कोण आणि बोलतंय कोण, हे तू ठरव. मुख्याध्यापकांना अर्ज असेल तर प्रमाणभाषा यायलाच हवी, त्यात सूट नाही. बोर्डाच्या परीक्षेत, नोकरीच्या अर्जात, बँकेत तिच्यावाचून अडतं, आणि ती नीट न शिकवणं हा या मुलांवर अन्याय होईल. पण माणूस बोलत असेल तर? एका मुलीनं आजीबद्दल लिहिताना आजीच्या तोंडी वाक्य घातलं होतं: 'बाळ, तू केव्हा येणार आहेस?' तिच्या मैत्रिणीनं ते मोठ्यानं वाचलं आणि दोघी हसायला लागल्या. माझी आजी असं बोलतच नाही, लिहिणारी म्हणाली. मग कशी बोलते? 'कव्हा यायलीस गं माय?' ते वाक्य तिनं डाव्या पानावर लिहिलं. भोवतीची सगळी वाक्यं प्रमाणभाषेत तशीच ठेवली, एकही वाक्य इकडचं तिकडं केलं नाही. कोणत्या वाक्यात कोणती भाषा, याची पारख तिच्याजवळ होतीच. आपण तसं लिहू शकतो, हे मात्र तिला माहीत नव्हतं.

एकमेकांच्या वह्या वाचण्याबद्दल एक इशारा द्यायला हवा, कारण प्रशिक्षणांत हे फार सहज सांगून टाकतात. गावात सगळ्यांना सगळ्यांची घरं माहीत असतात. कुणाच्या घरी दारू आहे, कुणी कर्ज काढलंय, कोण कुठल्या आळीत राहतं, हे वहीत आलं की मधल्या सुट्टीत बाहेर येतं. जातीवरून टोमणा मारायला मुलांना फार वेळ लागत नाही. म्हणून पान दुमडायची मुभा आहे. दुमडलेलं पान कुणी उघडायचं नाही, मीही विचारल्याशिवाय नाही. आणि वाचणाऱ्यानं आधी 'मला काय कळलं' ते सांगायचं, मग एक प्रश्न विचारायचा. 'भारी हाय' आणि 'बेकार हाय' हे दोन्ही चालत नाही. चांगलं-वाईट ठरवण्याचं काम लिहिणाऱ्याचं.

आणि गुण? ते द्यावेच लागतात. दहावीच्या मराठी कुमारभारतीच्या 80 गुणांच्या पेपरात उपयोजित लेखनाला 24 गुण आहेत. मुलांचं भवितव्य त्या कागदावर ठरतं आणि त्याकडे पाठ फिरवण्याची ऐट मला परवडणारी नाही. पण गुण कधी द्यायचे हे आपल्या हातात असतं. रूथ बटलर यांनी इस्रायलमधल्या पाचवी-सहावीच्या मुलांवर केलेला एक अभ्यास 1988 मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना फक्त गुण दिले, काहींना फक्त शेरे, काहींना दोन्ही. ज्यांना फक्त शेरे मिळाले त्यांचं काम सुधारलं, गोडीही टिकली. ज्यांना दोन्ही मिळालं त्यांची गत फक्त गुणवाल्यांसारखीच झाली. म्हणजे गुण दिसला की शेरा वाचला जात नाही. म्हणून आमच्याकडे ठिपका आणि प्रश्न आधी, मग डावं पान, मग मुलानं स्वतःला द्यायचे गुण आणि त्याचं एका ओळीत कारण, आणि सगळ्यात शेवटी माझे गुण. दोन्हींत मोठा फरक पडला तर बसून बोलायचं. गंमत म्हणजे बहुतेक मुलं स्वतःला माझ्याहून कमीच देतात. तपासणीला येणाऱ्यांना लाल शाई कमी दिसते, तेव्हा विचारणा होते. मी डावी पानं उघडून दाखवते. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रगतिपत्रकात स्वयंमूल्यमापन आणि सहाध्यायी मूल्यमापन असावं असं म्हटलेलं आहे, तेही सांगते. फक्त त्याचा एक रकाना होऊ नये, अशी मला काळजी वाटते. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनातल्या वर्णनात्मक नोंदी कशा भराभर उतरवल्या जातात हे आम्ही शिक्षकांनी पाहिलं आहे.

दिवाळी झाली की वर्ग विरळ होतो. आईबाप ऊसतोडीला जातात, काही लेकरं हंगामी वसतिगृहात राहतात, काही कोयत्याबरोबर कारखान्यावर जातात. मार्चपर्यंत त्यांना ना बाक, ना वाचून दाखवायला शेजारी. गेल्या हंगामात एक मुलगी वही घेऊन गेली होती. तिला सांगितलं होतं की लिहिलेलं आईच्या मोबाइलवर रेकॉर्ड कर आणि वही मिटून ऐक. तिनं कोपीत, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीत, बसून केलेलं रेकॉर्डिंग मला पाठवलं. मागं बैलाच्या घुंगरांचा आवाज, कुणीतरी उसाचे वाढे मागायला आलेलं. 'आम्ही राहतो तो परिसर निसर्गरम्य आहे' असं ती वाचत होती. तासाभरानं दुसरा निरोप आला: 'मॅडम ते निसर्गरम्य काढलं. ऐकताना कसंतरीच वाटलं. इथं चिखल हाय आणि रात्री ट्रकचे लाईट तोंडावर येतेत ते लिहिलं.' हे वाचताना मला झालेला आनंद मी लपवणार नाही. शंभर कोसांवर, वर्ग नसताना, मॅडम नसताना, एका मुलीनं स्वतःचं वाक्य ऐकलं आणि ते खरं नाही म्हणून काढलं.

परीक्षेत डावं पान नसतं, असं सहकारी म्हणतात. बरोबर आहे. म्हणून दहावीला आम्ही शेवटची दहा मिनिटं राखायचा सराव करतो. पेपर शेवटच्या परिच्छेदापासून मागे वाचत यायचा, म्हणजे ओघात चूक सटकत नाही, आणि वहीच्या शेवटच्या पानावरच्या आपल्या दोन-तीन हमखास चुकाच फक्त शोधायच्या. सगळ्या चुका शोधायला गेलं की एकही सापडत नाही.

ज्यांचं लेखन कच्चं आहे त्यांना मदत करणं मला तितकं अवघड जात नाही. अवघड जातं ते वर्गातल्या पहिल्या नंबरच्या मुलीला. तिचं अक्षर मोत्यासारखं, चूक एक नाही, सुविचार जागच्या जागी, प्रस्तावना आणि समारोप ठरलेले. पाचवीपासून प्रत्येक शिक्षकानं तिला 'उत्कृष्ट' दिलं आहे. रेघा मारायच्या कामात तिनं प्रामाणिकपणे सगळ्या पानाखाली रेघा मारल्या. एकही वाक्य उरलं नाही. ती रडली नाही, पण वही मिटून बराच वेळ बसून राहिली आणि मग माझ्याकडे येऊन म्हणाली, 'मॅडम, मग मी लिहू काय? माझ्याकडे तर काहीच नाही.' तिला मी विषय दिला नाही. तिच्या घरी पिठाची गिरणी आहे, ती रोज संध्याकाळी तिथं बसते, हे मला माहीत होतं. एवढंच विचारलं, की डोळे मिटून बसलीस तरी ज्वारी दळायलीय का गहू, हे तुला कळतं का? ती म्हणाली, आवाजावरून कळतं की. कसं कळतं ते लिही, म्हणाले. त्यानंतर तिनं दोनदा लिहून दोनदा पान दुमडून ठेवलं आहे. मी उघडलेलं नाही. सोमवारी तिसरं आणते म्हणाली आहे, आणि त्यात खाडाखोड खूप आहे, चालेल का, असंही विचारून गेली आहे.